खाटेवरचा धडधाकट माणूस

इंग्रज सरकारने आरोग्यखाते सुधारायचे मनावर घेतले, तेव्हापासून निपाणीजवळच्या आमच्या गावच्या दवाखान्यात मोठे साहेब पाहणीला येऊ लागले. साहेब येणार म्हटले की आम्हा आजाऱ्यांना बाहेर चिंचेखाली बसवत आणि धुतलेल्या चादरीवर एका पैलवानी अंगाच्या माणसाला निजवत. त्याचे नाव मला कधी कळले नाही. खाटेवर चढताना तो सवयीने मिशीला पीळ द्यायचा, मग आठवण झाली की ती खाली ओढायचा. साहेबाने विचारले की हात जोडून म्हणायचा, “लई बरं हाय सायेब.”

एकदा मी त्याला विचारले, “हे सोंग कशाला करता?”

“खरा आजारी नुस्ता कन्हतोय, अण्णा. दवाखाना सुधारलाय हे सांगाय धडधाकटच माणूस लागतंय.”

पुढच्या पाहणीला तो खरोखरच तापाने फणफणला होता. मिशा न ओढताच खाली आल्या होत्या. साहेबाने लांबूनच विचारपूस केली, तसे त्याने सवयीने हात जोडले. “लई बरं हाय सायेब.”

साहेब खूष झाले. बऱ्या माणसाला खाट कशाला, म्हणून त्याला लगेच बाहेर काढायला सांगितले. चिंचेखाली आम्ही सरकून त्याला जागा करून दिली.