मास्तरांची संध्याकाळची परीक्षा

मास्तर घाबरट होते असं सरसकट म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. कात्री हातात असली की त्यांच्याइतका धीट माणूस शोधून सापडला नसता. सुटाचं महागडं कापड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत टेबलावर पसरायचे, खडूची रेघ मारायचे आणि बेधडक कापून मोकळे व्हायचे. शिंप्याच्या धंद्यात उभा जन्म गेला, कापडाला कधी घाबरले नाहीत. घाबरायचे ते वर्तमानपत्राला, आणि तेही फक्त रविवारच्या.

रविवारच्या पुरवणीत मनाविषयीचं एक पान असायचं. माणसं अशी का वागतात, नवरा-बायको का भांडतात, कामाचा ताण अंगावर कसा निघतो, यावर कुठल्या कुठल्या संशोधकांनी काय शोधून काढलंय ते तिथे सोपं करून दिलेलं असे. लोक ते चहाबरोबर वाचत आणि रद्दीत टाकत. मास्तर ते अंगाला लावून घेत. राग मनात दाबून ठेवणं तब्येतीला वाईट, असं एकदा छापून आलं. मास्तरांना कुणाचाच राग आलेला नव्हता, पण उगाच धोका नको म्हणून त्यांनी शेजारच्या इस्त्रीवाल्याशी ओढूनताणून भांडण काढलं, आणि संध्याकाळी जाऊन त्याची माफी मागितली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग विसरण्यावरचा लेख आला. चव आणि वास कमी होणं, हातातली रोजची कामं चुकणं, ही नुसती वयाची खूण नाही, तर आजाराची सुरुवातही असू शकते, असं त्यात म्हटलं होतं. मास्तरांनी तो लेख दोनदा वाचला. त्यांचा मोठा भाऊ त्याच आजाराने गेला होता. शेवटी शेवटी तो मास्तरांना 'आपण कोण?' असं विचारायचा, आणि तेही अगदी अदबीने. भावाने शिव्या दिल्या असत्या तर चालल्या असत्या, पण ती अदब मास्तरांच्या मनातून काही जाईना.

लेखाच्या शेवटी घरच्या घरी करायची एक परीक्षा सुचवली होती. सकाळी कुणीतरी पाच शब्द सांगायचे, संध्याकाळी ते परत विचारायचे. मास्तरांनी आपला एक कडक नियम त्याला जोडला: शब्द कुठेही लिहायचे नाहीत, नाहीतर आपण चोरून बघू. परीक्षक कोण, हा प्रश्नच नव्हता. खिडकीखालच्या स्टुलावर बसून काजं, बटणं आणि हातशिलाई करणारी त्यांची बायको.

"या वयात तुमची परीक्षा घेऊ?" ती हसत सुटली. "नापास झालात तर पुन्हा त्याच वर्गात बसवीन हं."

सुरुवातीला मास्तर पहिल्या नंबराने पास होत गेले. मग हळूहळू गाडं बिनसलं. सकाळी 'लिंबू' ऐकल्याचं त्यांना पक्कं आठवायचं, आणि संध्याकाळी बायको मान हलवायची. "लिंबू कुठलं? बशी म्हणाले होते मी."

मास्तरांचं धाबं दणाणलं. आता जिकडे बघावं तिकडे खुणा दिसू लागल्या. सकाळचा चहा अगोड लागायचा. ते मुकाट्याने पिऊन टाकायचे. जिभेची चव गेली, दुसरं काय! एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची बटणं बायकांच्या शर्टासारखी डाव्या बाजूला लागली. बटणं बायकोने लावलेली, पण खडूची खूण आपली, म्हणजे चूकही आपलीच. एकदा गॅसवर रिकामं पातेलं करपून काळं झालं. "तुम्हीच ठेवलं असेल," बायको म्हणाली. मास्तर म्हणाले, "असेल."

नवीन कापडाला कात्री लावायला त्यांचा हात धजेना. आलेलं गिऱ्हाईक ते काहीबाही कारण सांगून परत पाठवू लागले. आरशासमोर उभे राहून स्वतःलाच दटावायचे, "मी कोण? मी मास्तर." एकदा बायकोने हे ऐकलं. ती हसली नाही. जवळ आली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "घाबरू नका हो. मी आहे ना लक्षात ठेवायला." मास्तरांना भडभडून आलं. सगळं विसरलो तरी ही बाई आपल्याला सांभाळेल, एवढ्या एका गोष्टीवर ते तग धरून होते.

मग एक दिवस लेक माहेरी आली. कामावरचा कोट सैल करून घ्यायचा होता. सुट्टी होती म्हणून दिवसभर दुकानातच बसून राहिली. सकाळी आईने सांगितलेले शब्द तिने ऐकले, आणि संध्याकाळी परीक्षा सुरू झाली तेव्हाही ती तिथेच होती.

मास्तरांनी घसा खाकरला. "कंगवा, शिडी, घंटा, चादर, भोपळा."

"चुकलं," बायको म्हणाली. "शिडी नव्हती. आणि भोपळा कुठून काढलात?"

"अगं आई, बरोबर आहेत की सगळे," लेक म्हणाली. "माझ्यासमोरच तर सांगितलेस."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आपण ठीक आहोत! इतक्या दिवसांनी ते मोठ्याने हसले, टाळीसुद्धा वाजवली. आणि मग त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. ती दोघांकडे पाहत कशीनुशी हसत होती.

"मिळून थट्टा करताय होय माझी?" असं म्हणून ती पुन्हा शर्टात सुई घालू लागली. ती काजाच्या भोकावरच बटण शिवत होती.

मास्तर त्या बटणाकडे बघत राहिले. अगोड चहा, करपलेलं पातेलं, डावीकडची बटणं, सगळं एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. इतके दिवस ते स्वतःवर पाळत ठेवून होते, आणि हातभर अंतरावर बसलेल्या माणसाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. स्वतःसाठी घाबरणं त्यांना सवयीचं झालं होतं. ही भीती वेगळी होती.

"मला काय धाड भरलीय?" डॉक्टरचं नाव काढताच बायको म्हणाली.

"तुला नाही गं," मास्तर म्हणाले. "मलाच दाखवायचंय. एकट्याला भीती वाटते, तू सोबत चल." भीती वाटते हे तरी खरं होतं.

लेकीने डॉक्टरांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. दोघांची मिळूनच तपासणी करू, असं त्यांनी सहज सुचवलं. तीन शब्द सांगितले: खुर्ची, नदी, सफरचंद. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, आणि हळूच बायकोकडे वळून म्हणाले, "मघाचे शब्द आठवतात का?"

ती खिडकीकडे बघत राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग तिने मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, तुम्ही सांगा ना."

तिन्ही शब्द मास्तरांच्या ओठांवर होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "नाही गं," ते म्हणाले. "मलाही नाही आठवत."

ती मोकळेपणी हसली. "बघितलंत डॉक्टर? यांच्यासाठीच आलोय आम्ही." मग तिने मास्तरांचा हात हातात घेऊन थोपटला. "घाबरू नका हो. मी आहे ना लक्षात ठेवायला."