हायवेखालची मोरी आणि माझी पक्की सही

"मॅडम, मेंढरं आल्यात. काय करायचं?"

वॉकीटॉकीवर हे आलं तेव्हा मी बॅरिकेडपाशी उभी राहून एका पत्रकाराला ट्रॅफिक मॅनेजमेंट म्हणजे काय ते समजावून सांगत होते. डोक्यावर पांढरं हेल्मेट, अंगात चमकणारं जॅकेट, वय सत्तेचाळीस. अकलेचं वय वेगळं होतं, ते पुढं कळेलच.

गाव सातारा-सांगली पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला पाहून हसतात. हायवे बांधला तेव्हा सगळं गाव एका बाजूला होतं. नंतर पलीकडे कॉलेज झालं, दवाखाने झाले, मंगल कार्यालयं झाली आणि हायवे म्हणजे गावातला मेन रोड होऊन बसला. मधल्या चौकात एसटी, उसाच्या ट्रॉल्या, लांबून आलेले कंटेनर आणि एका दुचाकीवर बसलेलं अख्खं कुटुंब, सगळे एकाच वेळी वळायचे. तिथं फ्लायओव्हर करायचा ठरलं. खांब उभे करायला चौक बंद करावा लागणार होता. मोठ्या गाड्यांनी पुढं जाऊन यू-टर्न घ्यायचा. पायी लोक, दुचाक्या आणि जनावरं यांनी हायवेखालच्या जुन्या मोरीतून पलीकडे जायचं. मोरी म्हणजे रस्त्याच्या पोटातून आरपार गेलेला काँक्रीटचा चौकोनी बोगदा. ही आयडिया माझी. त्या वर्षी मी भेटेल त्याला ती सांगत होते.

आमचे टीम लीडर देसाई सर. त्यांनी आधीच बजावलं होतं, "व्यापाऱ्यांनी चौक बंद ठेवायची एकच ट्रायल मान्य केलीय. सकाळी आठ ते बारा. गाड्यांची रांग एसटी स्टँडपर्यंत गेली की बॅरिकेड काढायचे. मग फ्लायओव्हर विसरा."

"सर, मी सगळा डेटा बघितलाय," मी म्हणाले होते.

बघितला होता, हे खरं. ट्रॅफिक काउंट म्हणजे रस्त्याकडेला माणसं बसवून गाड्या मोजायच्या. फॉर्मवर कार, बस, ट्रक, दुचाकी असे रकाने असतात आणि शेवटी 'इतर'. एका फॉर्मवर एका तासात 'इतर' सहाशे लिहिले होते. मी पुण्यात एसीत बसून त्यावर लाल रेघ मारली आणि पुढं शेरा लिहिला, 'अशक्य'. एवढ्यावर भागेना म्हणून मोजणाऱ्या कांबळ्यांना फोन करून झापलं. ते म्हणाले, "मॅडम, हुती खरंच." काय होती ते न विचारता मी फोन ठेवला.

गंमत म्हणजे माझं माहेर म्हसवडजवळचं. दिवाळीनंतर माण तालुक्यातली मेंढरं चाऱ्यासाठी नदीकाठाला उतरतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. पण इंजिनीअर झाल्यावर मी माझ्या डोळ्यांपेक्षा फॉर्मवर जास्त विश्वास ठेवायला लागले होते.

तर ट्रायलच्या दिवशी आठ वाजता चौक बंद झाला आणि कुणी मोरीत शिरायच्या आत मेंढरं आली. सहाशेच असावीत, कारण कांबळे चुकणारा माणूस नव्हता. मागं सामान लादलेलं घोडं आणि पुढं काठी घेतलेल्या साठीच्या मेंढपाळ हिराबाई.

"आवं बाई, हितली वाट कुणी बंद केली?"

"मी."

"का वं?"

"इथं फ्लायओव्हर होणार आहे. तुम्ही मोरीतून जा. तुमच्यासाठीच तर सोय केलीय."

त्यांनी मोरीकडे पाहिलं, मग माझ्या स्वच्छ बुटांकडे. "तुमी गेलाय का कवा त्यातनं?"

"ड्रॉइंग मीच काढलंय."

"त्ये न्हवं. चालत गेलाय का?"

मी घड्याळात पाहिलं.

मेंढरं मोरीच्या तोंडाशी गेली आणि थांबली. मागची पुढच्यांवर चढली, पुढची मागं फिरली आणि सगळा कळप सर्व्हिस रोडवर पसरला. त्यांच्यामागं दुचाक्या अडल्या, त्यांच्यामागं टेम्पो आणि बघता बघता यू-टर्न बंद झाला. मी टाळ्या वाजवल्या. हिरवा झेंडा हलवला. एका मेंढीनं माझ्या ड्रॉइंगचा कोपरा चावायला घेतला. माझ्या कामात इतका रस त्याआधी कुणी घेतला नव्हता.

"मॅडम, रांग पेट्रोल पंपापाशी आली," हवालदार ओरडले. पंपानंतर स्टँड.

"मावशी, हाका ना त्यांना!"

"कशी हाकू? आत पानी हाय. वास येतोय त्यास्नी."

"पाणी नाही आत. उतार दिलाय मी."

"मग जावा की म्होरं."

असं म्हणून त्यांनी घोड्यावरच्या झोळीतून दोन दिवसांचं कोकरू काढलं आणि माझ्या हातात कोंबलं. "ह्येला घिऊन चाला. ह्येची आय मागनं यील, तिच्यामागनं समदी येत्यात. मदी थांबू नगा. तुमी थांबला तर ती बी थांबत्याली."

"मी? तुम्ही जा ना पुढं."

"मागनं कोन हाकणार? वाट तुमची हाय, तुमीच दावा."

पत्रकारानं कॅमेरा काढला. मी कोकरू छातीशी धरून स्वतःच्या मोरीत पहिल्यांदा पाऊल टाकलं. चौथ्या पावलाला पाणी घोट्यापर्यंत आलं, दहाव्याला पोटरीपर्यंत. साधं पाणी नव्हे, गटाराचं. अंधारात माझा एक बूट रुतला, तो तिथंच राहिला. वाकून शोधायची सोय नव्हती, कारण कोकराची आई मागून माझ्या गुडघ्यांना ढुशा देत होती. मी थांबले असते तर तिनं मला आडवंच केलं असतं. पलीकडे उजेडात आले तेव्हा एक पाय अनवाणी होता, जॅकेट ओलं झालं होतं, ते कोकरामुळं, आणि माझ्यामागून मेंढरांची धार लागली होती.

रांग स्टँडच्या कमानीच्या अलीकडे थांबली. मध्ये दोन रिक्षा मावतील एवढीच जागा उरली होती. बारा वाजता देसाई सर आले. ते स्वतःच त्या रांगेत अडकले होते.

"पास!" ते म्हणाले. "रिपोर्ट लिहा."

"सर, मोरीत पाणी आहे."

"पावसाळा संपून किती दिवस झाले! पाणी आलं कुठून?"

"माझ्या ड्रॉइंगमधून."

खरंच तसं होतं. मी सर्व्हिस रोडचं नवीन गटार मोरीच्या तळापेक्षा उंच ठेवलं होतं. पाणी खाली येणारच. कागदावर दोन्ही वेगवेगळ्या शीटवर होती आणि दोन्हींवर माझी सही होती.

सर हळूच म्हणाले, "हे कुणाला कळलंय?"

"मेंढरांना पहिल्यांदा कळलं. चौक कायमचा बंद झाला की कॉलेजच्या मुलींना कळेल."

"नापास लिहिलं तर फ्लायओव्हर जाईल. तुमचं नावही जाईल."

"एक बूट गेलाच आहे, सर."

मी नापास लिहिलं आणि कारणाच्या जागी 'डिझाइनरची चूक' असं लिहून खाली सही केली. धाडस वगैरे काही नव्हतं. त्या वासात खोटं सुचत नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी पेपरात कोकरू घेतलेला माझा फोटो आला. व्यापाऱ्यांच्या म्होरक्यानं मला दुकानात बोलावलं, चहा पाजला आणि पोट धरून हसून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, आजवर लय सायेब आलं, पन गटारात कोन उतरलं न्हाई. घ्या आनखी एक ट्रायल." मी कांबळ्यांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या मॅडम. घोडं मोजायचं राहिलं हुतं."

मोरीचा तळ उचलला, गटाराला वेगळी वाट दिली, आत दिवे लावले. दुसरी ट्रायल पास झाली. फ्लायओव्हर उभा आहे आणि मोरी कोरडी आहे.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी ज्या वाटेवर सही केली, तिच्यातून आधी चालत गेले. शेवटी गुडघे बोलायला लागले, तेव्हा सही करणंही थांबवलं.