लेकीला पाठवलेला अहवाल

लेखनाच्या वर्गात नाव घातलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की रिटायर झाल्यावर वेळ जात नाही. हे अर्धं खरं होतं. रहाटणीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी नऊपर्यंत माझी सगळी कामं उरकतात आणि नंतर दिवसभर दारावरची बेल वाजली तर ती शेजारच्यांकडे आलेल्या कुरिअरवाल्याची. पण नुसता वेळच घालवायचा तर माणूस हास्यक्लबात जातो, बागेत बाक अडवून बसतो. मला एक पत्र लिहायचं होतं. मुलीला. आणि ते मला जमत नव्हतं.

मुलगी नागपूरला असते. बायकोला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मुलीने मला एकच प्रश्न विचारला होता, "बाबा, आई इतकी आजारी होती, मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "तुझं बाळ चार महिन्यांचं होतं." ती म्हणाली, "हे उत्तर नाही," आणि बॅग भरायला आत गेली. त्यानंतर भांडण नाही, अबोलाही नाही. दर रविवारी न चुकता फोन येतो. जेवलात का, गुडघा कसा आहे, ठेवते. भांडली असती तर परवडलं असतं. भांडायला निदान अर्धा तास तरी लागतो.

वर्ग निगडीला प्राधिकरणात, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सकाळी भरायचा. 'प्रौढांसाठी लेखन' अशी पाटी. पहिला तास व्यावहारिक लेखनाचा, म्हणजे अर्ज, तक्रार, सभेचा वृत्तान्त. दुसरा तास गोष्ट, आठवण, पत्र. मला हवा होता तो दुसरा, पण दोन्ही मिळून एकच फी होती. शिकवायला एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सगळे नुसतंच बाई म्हणायचे. आम्ही चौदा जण होतो, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर थेरगावची एक मावशी बसायची. डांगे चौकाजवळ तिची खानावळ होती. महापालिकेत अर्ज द्यायचा तर दर वेळी कुणाच्या तरी हातापाया पडावं लागतं, ते बंद करायला ती आली होती. "वळणदार न्हाई आलं तरी चालंल," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "पर माजा कागुद मीच लिव्हनार."

पहिल्या तासाला मी राजा होतो. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत सत्तावीस वर्षं क्वालिटीत काढली. अहवाल लिहिणं हीच माझी भाकरी. पाणीटंचाईबद्दल सोसायटीचं निवेदन मी असं लिहिलं की बाईंनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. मी मान खाली घालून हसलो, पण छाती फुगली होती. दुसऱ्या तासाला तीच छाती पार बसली. 'घरातलं एक माणूस' असा विषय होता. मी बायकोवर लिहिलं. उंची पाच फूट एक इंच. वर्ण सावळा. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, लांबी अंदाजे दीड इंच. स्वभाव समाधानकारक.

वर्ग हसला. मीही हसलो. बसमध्ये बसल्यावर मात्र मला रडू यायला लागलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं. तीस वर्षांच्या संसाराला मी 'समाधानकारक' असा शेरा मारून आलो होतो.

जित्याची खोड म्हणतात ती हीच. आमच्याकडे माल परत आला की 'व्हाय-व्हाय' करायची पद्धत आहे. म्हणजे एकामागून एक पाच वेळा 'का' विचारायचं आणि मूळ कारणापर्यंत पोचायचं. भोक तिरकं का पडलं? ड्रिल झिजलं होतं. का झिजलं? वेळेवर बदललं नाही. असं खाली खाली जायचं. त्यात एक कडक नियम असतो. 'कामगाराचं दुर्लक्ष' हे मूळ कारण म्हणून चालत नाही. माणूस चुकणारच, त्याला चुकू देणारी पद्धत शोधा, असं म्हणतात. नियम चांगला आहे. त्याने कित्येक गरीब पोरांच्या नोकऱ्या वाचल्या. मी तर या बाबतीत इतका खडूस होतो की कुणी माणसावर बोट ठेवलेला कागद आणला की वाचायच्या आधीच परत करायचो. हे सगळं मी एकदा वर्गातही मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं होतं.

सहाव्या शनिवारनंतर मी मुलीला पत्र लिहायला बसलो. 'चि. सौ.' लिहून पेन अडलं. ही ती नाही, ही दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी, असं वाटलं. चार दिवस कागद टेबलावर तसाच होता. पाचव्या दिवशी मनात आलं, तिने विचारलंय काय? 'का.' मग 'का'चं उत्तर द्यायची पद्धत आपल्याइतकी कुणाला येते? आणि मी सुटलो. आजाराची माहिती मुलीला का मिळाली नाही? फोनवर 'साधा ताप' असं सांगितलं होतं. तसं का सांगितलं? निदान पक्कं नव्हतं. का नव्हतं? तपासण्यांचे रिपोर्ट यायचे होते. येईपर्यंत अंदाज का दिला नाही? मुलगी बाळंतीण, धसका घेईल. अशा वेळी कुणी, कधी कळवायचं हे आधी का ठरलं नव्हतं? घरात तशी पद्धतच नव्हती. मूळ कारण सापडलं. खाली उपायही लिहिला : यापुढे घरातील कोणाचीही तब्येत बिघडल्यास चोवीस तासांच्या आत कळवले जाईल. सही केली, पोस्टात टाकलं, आणि येताना चौकात उभं राहून स्वतःला एक चहा पाजला. खरं सांगतो, मला मोकळं वाटत होतं. मी काही लपवलंय असं तेव्हा मला वाटलंच नाही.

आठ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा निरोप आला. दोनच शब्द होते. 'रिपोर्ट मिळाला.' त्या रविवारचा फोन आला नाही.

पुढच्या शनिवारी बाईंनी 'न पाठवलेलं पत्र' लिहून आणायला सांगितलं होतं. माझं पाठवून झालेलं होतं. त्याची नक्कल माझ्याकडे होती, आम्ही नक्कल ठेवल्याशिवाय काही पाठवत नाही. एका ओळखीच्या माणसाचं आहे असं म्हणून मी ते वाचलं. मग मावशीने माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊ, चोवीस तासात कळवनार म्हंजे कुनाचं? घरात आता हाय कोन?"

"ते गृहस्थ आहेत ना," मी म्हणालो.

"मंग त्येच पडनार आन् त्येच कळवनार व्हय?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मावशी हसत नव्हती. "आन् ती माउली पडली हुती तवा काय म्हनली आसंल की कायतरी. त्ये कुटं हाय ह्यात? पोरीला त्येच पायजे आसंल. मला तर त्येच पायजे आसतं."

माझा संताप झाला. दोन ओळींचा अर्ज लिहायला शिकणारी बाई मला मूळ कारण शिकवते! मी कागदाची घडी घालायला लागलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "'माणूस चुकला' हे एक कारण तुम्ही कधी मंजूर करत नव्हतात ना? त्या ओळखीच्या गृहस्थांना सांगा, एवढ्या एका कागदापुरतं ते मंजूर करून बघा." त्यांनी 'ओळखीच्या गृहस्थांना' इतक्या सांभाळून म्हटलं की सगळ्यांना कळलेलं आहे हे मला तेव्हा कळलं.

पुढचे दोन शनिवार मी वर्गाला गेलो नाही. घरीच बसून लिहीत होतो आणि फाडत होतो. लिहायला जड काही नव्हतं, उत्तर मला पहिल्यापासून ठाऊक होतं. ते असं होतं.

सत्तावीस वर्षं मी शिफ्ट केली. मी फर्स्टला निघायचो तेव्हा बायको झोपेत डबा हातात द्यायची. सेकंडवरून यायचो तेव्हा ती झोपलेली असायची. थर्डला असलो की दिवसभर मी झोपलेला, आणि घरात सगळे चवड्यांवर चालायचे. सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम. तिचं बोलणं सगळं मुलीशी. स्वयंपाकघरात दोघींचं खुसखुस हसणं चालायचं, मी पाणी प्यायला गेलो की थांबायचं. नंतर फोनवर रोज तासतासभर. मी रिटायर झालो आणि वर्षाच्या आत ती आजारी पडली. दवाखान्यात अकरा दिवस होती. तिचा मोबाइल घरी राहिला होता. आणतो आणतो म्हणालो आणि आणला नाही. खोलीत आम्ही दोघंच. ती माझ्याशी बोलायला लागली. लातूरकडच्या माहेराबद्दल, विहिरीत पोहायला शिकली त्याबद्दल, लग्नात माझ्या कोटाची बाही आखूड होती त्याबद्दल. मी खुर्ची पलंगाला लावून ऐकत राहायचो. मुलगी आली असती तर बायकोने पहिल्याच मिनिटाला मान तिकडे वळवली असती. आणि मी पुन्हा बाहेर, औषधांच्या रांगेत. रिपोर्टचं काही नव्हतं आणि बाळाचंही काही नव्हतं. ते दिवस मला एकट्याला हवे होते. ती इतक्या लवकर जाईल असं वाटलं नव्हतं, हे खरं. पण तिने तीन वेळा मुलीचं नाव काढलं आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला, हेही खरं. असं सगळं लिहिलं. 'चुकलो' असंही लिहिलं. यावेळी नक्कल ठेवली नाही.

फोन आला तो बुधवारी, भर दुपारी. मी हॅलो म्हणायच्या आत तिने विचारलं, "आईने मला बोलावलं होतं?"

"हो."

"तीन वेळा?"

"हो."

मागे तिचं बाळ, आता चांगलं बोलणारं, कशासाठी तरी हट्ट करत होतं. मग ती रडायला लागली. "तीन वर्षं मला वाटत होतं, तिला माझी आठवणसुद्धा झाली नाही. मी बाळात रमले, फोन कमी केले, म्हणून रुसली असेल. रुसूनच गेली असेल. रोज वाटायचं, बाबा. तुमचा राग मला नव्हताच कधी."

तीन वर्षं माझी पोर हे उराशी धरून होती आणि मी तिला गुडघ्याबद्दल सांगत होतो. मला माझीच लाज वाटली.

"आता आलाय राग," ती डोळे पुसल्यासारख्या आवाजात म्हणाली. "आत्ता मला तुमच्याशी बोलता येणार नाही. रविवारीही फोन करणार नाही. पण ते अकरा दिवस मला लिहून पाठवा. एकेक दिवस. आई काय बोलली, काय खाल्लं, सगळं. उपाय वगैरे काही लिहू नका." आणि तिने फोन ठेवला.

वर्ग संपला. मावशीने पाण्याच्या जोडणीसाठीचा अर्ज स्वतः लिहून दिला आणि शिक्का मारलेली पोच वर्गात सगळ्यांना फिरवून दाखवली. मला प्रमाणपत्र मिळालं, ते कपाटात आहे. रोज सकाळी कामं उरकली की मी लिहायला बसतो. एक दिवस लिहायला आठवडा लागतो. मनगटावरचा तो डाग कशाने पडला होता तेही चौथ्या दिवसात आलं, तिनेच सांगितलं होतं. कागदाचे फोटो काढून मुलीला पाठवतो. वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटतात. उत्तर येत नाही. फोन नाही. घर पूर्वीपेक्षाही गप्प आहे, कारण आता रविवारही गप्प असतो. हे मला जड जातं आणि हे माझ्याच हाताने झालंय.

आठ दिवस लिहून झाले. उद्या नववा लिहायचा आहे. पत्रात मी लिहिलं होतं की तिन्ही वेळा मी विषय बदलला. ते दोन वेळांपुरतं खरं आहे. नवव्या दिवशी दुपारी तिने तिसऱ्यांदा विचारलं, "अहो, लेकीला कळवलंत का?" आणि मी म्हणालो, "कळवलंय. निघालीय ती." मग तिने सिस्टरला हाक मारून केस विंचरून घेतले, आणि मला म्हणाली, खुर्ची जरा बाजूला घ्या, दार दिसत नाही.