दिव्याला कारण हवं

पोलिक्सेनी, रागावू नकोस. तुझ्याबद्दल लिहिते आहे, आणि लिहायचं तर तुझ्या हट्टासकट. समोर बसून बोलले असते तर तू मध्येच तोडलं असतंस. म्हणून इथून पुढे तू 'ती'.

पोलिक्सेनी माझी शेजारीण, आमच्या गावची शिंपीण. चाळीस वर्षं तिने बाप्तिस्म्याची झबली आणि पाद्र्यांचे झगे शिवले. नवरा थ्रासोस दोन हजार वीसच्या मार्चमध्ये हृदयविकाराने गेला आणि त्याच महिन्यात साथीमुळे सरकारने सगळ्यांना घरात बसवलं. बाहेर पडायला कारणं सहा: औषध, किराणा, बँक, गरजवंताला मदत, अंत्यविधी, व्यायाम. मोबाइलवरून कारणाचा नंबर पाठवायचा, नाहीतर छापील कागदावर लिहून, सही करून जवळ ठेवायचा. अडचण एवढीच की आमच्याकडे माणूस गेल्यावर चाळीस दिवस त्याच्या थडग्यावरचा दिवा विझू द्यायचा नसतो, आणि तेल पुरतं जेमतेम एक दिवस. दिव्याला नंबर नव्हता.

"सहा लिही," मी म्हटलं. "फिरायला चालले म्हण. सगळे तेच करतात."

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी व्यायाम? थ्रासोस हसून हसून उठून बसेल. खोट्याखाली माझी सही नको."

तिने कागदावरच्या यादीखाली स्वतःच्या हाताने सात घातलं: 'नवऱ्याचा दिवा'. तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि निघाली. कोपऱ्यावर हवालदार वायोसने अडवलं.

"मावशी, सातवं कारण नाहीये."

"आता आहे. वाचता येतं ना?"

"दीडशे युरो दंड आहे. मुकाट्याने घरी जा."

"तुझं बाप्तिस्म्याचं झबलं मी शिवलंय, वायोस. देवळात भोकाड पसरलं होतंस, तेव्हा तुला कुणी घरी पाठवलं का?"

"नियम मी केलेत का, मावशी?"

तिने चष्मा चढवला आणि यादी पुन्हा वाचली. "हे चौथं बघ. गरजवंताला मदत. थ्रासोसला स्वतःचं तेल घालता येतं का?"

"गरजवंत जिवंत लागतो!"

"असं कुठे लिहिलंय? दाखव."

वायोसने कागद उलटापालटा करून पाहिला. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. "जा, लवकर या. आणि माणसांपासून दोन मीटर लांब राहा."

"कुठल्या माणसांपासून? तिथे सगळे पडूनच आहेत."

सात खोडून तिने चार लिहिलं. रोज नवा कागद, रोज चार. चाळिसाव्या दिवसापर्यंत दिवा विझला नाही. नियम चुकीचे होते असं मी म्हणत नाही. त्या वसंतात आमच्या गावात त्या रोगाने एकही माणूस गेला नाही. यादी करणाऱ्यांना एक गोष्ट सुचली नव्हती, इतकंच.

पुढे ती दर शनिवारी दिव्यात तेल घालायला जायची. नोव्हेंबरमध्ये पुन्हा सगळं बंद झालं, आणि या खेपेला रोग गावात शिरला. पोलिक्सेनीला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. गुरुवारी तिचा फोन आला. दर दोन शब्दांमागे दम लागत होता.

"शनिवारी थ्रासोसकडे जा. तेल... माझ्या ओट्याखाली आहे. किल्ली तुझ्याकडे आहेच."

"जाईन," मी म्हटलं.

शनिवारी मी कागद लिहिला, सही केली, बूट घातले. तेवढ्यात समोरच्या घराच्या दारात रुग्णवाहिका उभी राहिली. पांढऱ्या पोशाखातले दोघे उतरले. मी खिडकीतून पाहत राहिले आणि मग बूट काढून ठेवले. उद्या जाऊ म्हटलं. रविवारीही गेले नाही. मंगळवारी पोलिक्सेनी इस्पितळातच वारली. तेल घालायचं राहिलं.