फ्रिजमधली आई

सुलू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आधी आला तो तिचा फ्रिज. लाज वाटली, पण खरं तेच. तिच्या मुलुंडच्या घरी त्या फ्रिजचा मधला खण कायम अडलेला. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तिची आई... मेणाची, मानेपर्यंत. पत्र्याखालचं वरच्या मजल्यावरचं घर, उन्हाळ्यात मेण बाहेर टिकणार कुठलं?

माझी ही मैत्रीण मूर्तिकार होती. तिची ब्राँझची कामं मानखुर्दच्या एका भट्टीत ओतली जात. मेणाच्या मूर्तीवर मातीचा जाड लेप द्यायचा, तो भाजायचा, आतलं मेण वितळून वाहून गेलं की त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा आणि निवल्यावर माती फोडायची. पुढारी काय, संत काय, सगळ्यांना तिनं बिनधास्त भट्टीवर धाडलं. आई मात्र तिनं साचा न घेता थेट हातानं मेणात घडवली होती. ओतकाम फसलं तर मागे काहीच उरणार नव्हतं. दर वेळी डब्यात घालून मानखुर्दला न्यायची आणि तशीच परत आणायची.

"आज भट्टी नीट लागली नाही गं."

"भट्टीला कशाला नावं ठेवतेस? टरकलीयस तू," मी चिडवायचे.

एकदा मात्र चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मेण गेलं आणि रस अजून पडला नाही... तेवढा वेळ आई कुठेच नसते यार. मला नाही बघवणार."

आई गेली तेव्हा सुलू चौथीत होती. आईच्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. म्हणून मेणातही ती सगळ्यात जास्त दिवस उजव्या कानातच गुंतली होती. घरातल्या एकुलत्या एका फोटोत आईच्या डोक्यावर पदर आहे, कान दिसतच नाहीत. तो कान ठाऊक होता फक्त सुलूच्या बोटांना.

तिचं घर रिकामं करताना मी आईला घाटकोपरला माझ्या फ्रिजमध्ये आणलं. मग एका दुपारी आमच्या इमारतीची वीज गेली ती संध्याकाळी आली. फडकं उलगडून पाहिलं तर हनुवटी जराशी ओघळलेली. आज हनुवटी, उद्या डोळे... दुसऱ्याच दिवशी मी मानखुर्द गाठलं.

भट्टीवाल्या सावंतकाकांनी हनुवटी अलगद वर सारली, लेप चढवला. मेण वाहून जात होतं त्या दिवशी मी तिथेच बसून राहिले. सुलूला जे बघवलं नसतं ते तिच्या वतीनं कुणीतरी बघायला हवं होतं. खूप रडले.

माती फोडली. कपाळ, नाक, ओठ, सगळं उतरलं होतं. उजव्या कानाशी मात्र रस पोचलाच नव्हता, तिथे नुसता खळगा. काकांनी खळग्यावरून अंगठा फिरवला.

"होतं असं कधी कधी. भरून देतो ताई, जोड कळणारपण नाही. फक्त कान कसा होता तेवढं सांगा."

किती वेळा पाहिला होता मी तो, फडकं ओलं करून पुन्हा गुंडाळताना! पण पाळी जाड होती की बारीक, तेसुद्धा आठवेना. आणि सवयीनं मी पर्समधून मोबाईल काढला, सुलूला विचारायला...

कान तसाच ठेवायला सांगितला. आई आता माझ्या फ्रिजवर असते. आतला मधला खण मी अजून मोकळाच ठेवते.