हरताळाच्या दिवशी मामंजींची गाडी

मी लग्न होऊन गिरगावात आले, तेव्हा त्या घरातली सगळ्यांत जपलेली वस्तू म्हणजे मामंजींची गाडी. माझे सासरे निवृत्त सॉलिसिटर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्यांनी ती काळी विलायती गाडी नवी घेतली आणि तेव्हापासून तिला ना दुसरा रंग लागला, ना सीटचं कातडं बदललं. वाडीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असे. रोज सकाळी चहाच्या आधी मामंजी ती स्वतः पुसत. दार उघडलं की आतून जुन्या कातड्याचा, पेट्रोलचा आणि सासूबाईंच्या वेणीतल्या मोगऱ्याचा मिळून एक वास येई. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण तो वास मला आवडायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने तेव्हा सगळं गिरगाव पेटलं होतं. एका दुपारी कुणीतरी गाडीच्या दारावर खडूने हातभर अक्षरांत 'झालाच पाहिजे' लिहून ठेवलं. मी गॅलरीतून पाहिलं. गाडीवर बोटाचा ठसा दिसला तरी मामंजी वाडी डोक्यावर घेत. ते आले, तळव्याने चाचपत त्यांनी मूठ शोधली, दार उघडलं, नेहमीसारखे थोडा वेळ आत बसले आणि वर निघून आले.

मी खाली जाऊन पदराने ती अक्षरं पुसली, आणि पुसता पुसताच मला कळलं. मामंजींना ती दिसलीच नव्हती. हल्ली पेपर सासूबाई वाचून दाखवत होत्या. चहाचा कप मी हातात दिल्याशिवाय ते उचलत नव्हते. आणि हाच माणूस दर रविवारी सासूबाईंना शेजारी बसवून प्रभादेवीला, सिद्धिविनायकाला गाडी घेऊन जात होता.

कुणाला सांगावं? सासूबाईंना रक्तदाब. ह्यांना सांगितलं तर त्याच दिवशी किल्ली काढून घेतील. कोर्ट सुटल्यापासून मामंजींपाशी त्या गाडीशिवाय होतं काय? मी गप्प बसले. पण रविवारी ती दोघं निघाली की माझं कशात लक्ष लागेना. दूध उतू जाई, भात करपे. वाडीच्या तोंडाशी हॉर्न वाजला की मगच मी पाणी प्यायची.

असे दोन महिने गेले. मग एका हरताळाच्या दिवशी सकाळी फोन आला. परळच्या इस्पितळात माझी नणंद बाळंतपणाला गेली होती. रक्त फार गेलंय, आईला ताबडतोब पाठवा, एवढंच तिच्या नवऱ्याने सांगितलं. ट्रॅम बंद, बस बंद, टॅक्सी नावालाही नाही. हे कामासाठी पुण्याला गेलेले.

"मी गाडी काढतो," मामंजी म्हणाले.

"मी पण येते," मी म्हटलं. "पुढे बसते."

सासऱ्यांच्या शेजारी सून बसायची ती रीत नव्हती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण त्या मागे जाऊन बसल्या आणि त्यांनी जप सुरू केला.

लॅमिंग्टन रोड ओस पडला होता. मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "डावीकडे हातगाडी लावलीय बघा कुणीतरी."

"दिसतंय मला," मामंजी तडकले. पण गाडी उजवीकडे सरकली.

त्यानंतर मी बोलतच राहिले. रस्त्यावर विटा पडल्यात, समोरून पोलिसांची गाडी येतेय, कुत्रं आडवं जातंय. सात रस्त्यापर्यंत मी म्हणेन तशी गाडी वळत, थांबत होती.

लालबागला रस्त्यात मोठाले दगड ओळीने मांडलेले होते. पलीकडे गिरणीवाल्यांचा घोळका.

"मामंजी, थांबा!" मी ओरडले.

ब्रेक लागला तशा सासूबाई पुढे आपटल्या. एक दांडगा माणूस खिडकीशी आला. "आज हरताळ आहे, ठाऊक नाय?"

"माझी नणंद अडलीय हो, परळला," मी म्हटलं.

त्याने आत मागे पाहिलं, वळून हाक दिली, आणि चार जणांनी दगड बाजूला केले. मग तो स्वतःच दाराखालच्या फूटबोर्डवर चढला. "चला आजोबा, सावकाश. मी हाय." इस्पितळापर्यंत त्याने आम्हाला पोचवलं. फाटकापाशी मी त्याचे आभार मानायला वळले, आणि तेवढ्यात डावा मडगार्ड खांबाला घासला.

नणंद पांढरीफटक पडली होती, पण शुद्धीवर होती. मुलगी झाली होती. सासूबाई तिच्याजवळ बसल्यावर मी बाहेर आले. मामंजी मडगार्डवरच्या चऱ्यावरून बोटं फिरवत उभे होते.

"केव्हापासून कळलंय तुला?"

"दोन महिने झाले."

"तुझ्या नवऱ्याला बोलू नकोस. तुझ्या सासूला तर नकोच."

"आज सांगणार मी, मामंजी," मी म्हणाले. त्यांना नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ.

मोतीबिंदू पिकलेला निघाला. ऑपरेशन झालं, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून कितीतरी दिवस ते उताणे पडून राहिले. जाड चष्मा मिळाला त्या दिवशी ते आधी शेडमध्ये गेले. रंगाचा काळेपणा जाऊन तपकिरी झाक आली होती, सीटच्या कातड्याला बारीक भेगा होत्या. ते बराच वेळ बघत राहिले आणि वर आले. दोन दिवस खाली उतरलेच नाहीत. उगाच डोळे दिले का आपण मामंजींना, असं मला वाटायला लागलं.

"बाबा, रंग मारून घेऊ या," हे म्हणाले. "अगदी नव्यासारखी होईल."

"नव्यासारखी?" मामंजी म्हणाले. "वीस वर्षं मी हात फिरवलाय तिच्यावर. ते खरवडून काढायचं?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी फडकं मागितलं. गाडी त्यांनी पुन्हा कधी चालवली नाही. ते त्यांनी स्वतःच ठरवलं. रविवारपुरता एक ड्रायव्हर येऊ लागला. सासूबाईंशेजारी मागे बसून मामंजी त्याला म्हणत, "अरे, गिअर असा करकचून टाकू नकोस. हळू. जाईल ती."