पाठमोरे खालू

जगात घाबरट माणसं पुष्कळ असतील, पण भीतीशी इतक्या शिस्तीनं आणि मनापासून संसार केलेला माणूस आमच्या खालूंखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. खालू म्हणजे माझ्या खालेचे, मावशीचे, यजमान. गाव संगमेश्वराच्या वरच्या अंगाला, आणि सव्वीस वर्षं मुक्काम बहारीनच्या गुदैबियात. त्यातली शेवटची नऊ माझ्याच खोलीत. कामावर निघताना गॅसचा नॉब ते दोनदा पाहत आणि तिसऱ्यांदा मला पाहायला लावत, कारण स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. चार मजले जिन्यानं चढत. लिफ्ट अडकली तर आतली हवा किती वेळ पुरते, हे त्यांनी एका मेकॅनिकला विचारून ठेवलं होतं. खानावळीत भिंतीला पाठ लावायला मिळाली नाही तर उपाशी परतत. हिद्दच्या गोदामाकडे जाणारी कंपनीची व्हॅन पुलावर चढली की भर उन्हाळ्यात एसी चालू असतानाही ते खिडकी उघडत. गाडी समुद्रात पडली तर बाहेर पडता यावं म्हणून. तुम्हाला पोहता कुठे येतं, असं मी एकदा विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "बुडंन, पन मोकल्यावर बुडंन."

असा हा माणूस आमच्या अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, लेखी मोठा शिकारी होता. त्याचं असं झालं, की अरबाबाला शिकारीचं वेड. दर हिवाळ्यात तो परवाना काढून दक्षिण आफ्रिकेत जायचा आणि परत आल्यावर गोदामात खुर्ची टाकून, करक चहाच्या घोटाघोटाला गोष्टी सांगायचा. खालू स्टोअरकीपर. साहेबाला खूश ठेवायचं म्हणून त्यांनी एकदा आपल्या गावाकडच्या हाक्याची, रान उठवून केलेल्या शिकारीची, गोष्ट सांगितली, आणि मग ती वाढतच गेली. रानडुकरांची सांबरं झाली, सांबरांचा बिबळ्या झाला, आणि दर वेळी ठासणीची बंदूक खालूंच्याच खांद्यावर असायची. मी शेजारच्या टेबलावर इन्व्हॉइस काढत ऐकायचो आणि हसू दाबायचो. मांजर आडवं आलं तर गल्ली बदलणारा हा माणूस, पण अरबीत सांगताना असा रंगायचा की मलाच गवताची सळसळ ऐकू यायची.

गेल्या वर्षी खालूंना साठ लागली. साठीनंतर व्हिसा पुढे करायचा की नाही, हे सगळं अरबाबाच्या मर्जीवर, आणि धाकट्या मुलीचं फार्मसीचं एक वर्ष अजून बाकी. त्याच सुमारास अरबाब म्हणाला, यंदा तू माझ्याबरोबर चल, तुझा हात पाहायचाय; व्हिसाचं आल्यावर बोलू. नाही म्हणावं तर नोकरी जाते, हो म्हणावं तर सोंग उघडं पडतं. खालूंनी मान डोलवली, आणि बंदूक वाहायला माझा भाचा लागतो म्हणून मलाही गोवलं. मी आयुष्यात पिचकारीशिवाय काही वाहिलं नव्हतं.

आफ्रिकेत पहिले दोन दिवस काहीच घडलं नाही. अरबाबाला हवा होता कुडू, पिळदार शिंगांचं घोड्याएवढं हरीण. तीन हिवाळे त्याला हुलकावणी देत होता. खालूंनी "डोळ्याला चाळशी लागली" असं सांगून बंदूक हातात घ्यायचं टाळलं होतं, पण अरबाब आता त्यांच्याकडे जरा निरखून पाहायला लागला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर एक रानरेडा दिसला. अरबाबानं गोळी झाडली, ती कुठंतरी पोटात बसली आणि रेडा काटेरी झुडपांत शिरला. तिथला वाटाड्या गोरा माणूस, एरवी सारखा बोलणारा. जखमी रेडा सोडून परतता येत नाही, मागावर जायलाच हवं, एवढंच त्यानं सांगितलं.

आम्ही एकामागे एक निघालो. वाटाड्या, अरबाब, मी. झुडपं इतकी दाट की पाच पावलांपुढचं दिसेना, आणि पानांवर मध्येच ताज्या रक्ताचा ठिपका. खालूंना मध्ये घ्यावं म्हणून मी सरकलो, तर ते हलक्या आवाजात म्हणाले, मी मागं ऱ्हातो. त्यांनी माझा पट्टा धरला, तोंड फिरवलं आणि माझ्या पाठीला पाठ लावून ते उलटे चालू लागले. मला त्यांचा रागच आला. इथे जीव मुठीत धरलाय आणि यांना पुढचं पाहवतही नाही, असं मनात आलं.

अर्धा तास असा गेला असेल. एकाएकी माझा पट्टा इतक्या जोरात ओढला गेला की मी खालूंसकट आडवा झालो. पडता पडता मी पाहिलं. रेडा आमच्या पुढे नव्हताच. तो वळसा घालून आमच्याच वाटेवर, आमच्या मागे आला होता. मान खाली, नाकातून रक्त, आणि तो धावत होता. खालूंनी डोळे मिटले नाहीत. आम्ही पडल्याचा आवाज ऐकून पुढचे दोघे वळले, आमच्या डोक्यावरून तीन बार झाले, आणि ते धूड खालूंच्या चपलेपासून हातभर अंतरावर कोसळलं. आम्ही उठून बसतो न बसतो, तोच बारांच्या आवाजानं बिथरलेला एक कुडू झुडपांतून निघून समोरच्या मोकळ्यावर येऊन उभा राहिला. अरबाबानं बिस्मिल्ला म्हणून तोही टिपला. तीन हिवाळ्यांत न मिळालेलं नशीब असं पाच मिनिटांत चालून आलं.

बहारीनला परतल्यावर अरबाबानं चार लोकांदेखत खालूंचं कपाळ चुंबलं. माझ्या नशिबाचा माणूस हा, म्हणाला. व्हिसा दोन वर्षं पक्का, फक्त दर हिवाळ्यात शिकारीला माझ्या पाठीशी यायचं. मी खोलीवर पेढे आणले. चौथ्या दिवशी खालू म्हणाले, खलास, मी घरी चाललो.

मी भडकलो. मुलीच्या शिक्षणाचं काय, म्हणून ओरडलो. आंब्याच्या कलमांचा तुकडा विकू, म्हणाले. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि ती गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच, न वाढवता सांगितली. गावच्या हाक्यात ठासणीची बंदूक वडिलांची असायची. ठासणी भरायला वेळ लागतो, म्हणून बंदूकवाल्याच्या पाठीला पाठ लावून एक जण उभा राहतो. पुढे काय चाललंय ते त्यानं बघायचंच नसतं.

"मी एकोनीस वर्साचा व्हतो," ते म्हणाले. "बाबांनी बार टाकला. डुक्कर पडला काय, ते बघाला मी मान फिरवली. एकदाच. दुसरा मागून आला, तो बाबांवरच." मग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं. "आता साठ वर्साचे डोले. उद्या माझी मान फिरली, तर अरबाबाच्या पोरांना तोंड कसा दाखवू?"

त्यांच्या राजीनाम्याचा अर्ज मीच टाइप केला. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं तर ते म्हणाले, "भीती लिव." मी 'घरगुती अडचण' असं लिहून सही घेतली. आता खोलीत एकटा असतो तेव्हा त्यांची फार आठवण येते, आणि वाटतं, त्यांनी सांगितलं होतं तेच लिहायला हवं होतं.